रेडिएटर शहाणा झाला, बॉयलरचं काय?

वाचकांचे प्रश्न : थंड देशातली घरं आणि हीटिंगचं ऑटोमेशन

युरोपातल्या वाचकांकडून थंडीच्या तोंडावर जे प्रश्न येतात, त्यांत रेडिएटरचं तापमान आपोआप राखणाऱ्या स्मार्ट व्हॉल्व्हचे प्रश्न बरेच असतात. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. जर्मनीतला भाड्याचा फ्लॅट आणि इंग्लंडमधलं स्वतःचा गॅस बॉयलर असलेलं घर यांची गणितं वेगळी असतात, म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली गाव दिलं आहे.

प्रश्न : भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाच रेडिएटर आहेत. प्रत्येकावर १ ते ५ आकड्यांचा जुना नॉब आहे. तो काढून स्मार्ट व्हॉल्व्ह बसवताना पाणी बाहेर येईल का? घरमालकाला विचारावं लागेल का? आणि आमच्या रेडिएटरला कोणता बसेल, हे कसं ओळखायचं? (श्टुटगार्ट)

उत्तर : पाणी येत नाही. दुकानात ज्याला स्मार्ट व्हॉल्व्ह म्हणतात तो खरं तर फक्त नॉब असतो. पाणी अडवणारा पितळी व्हॉल्व्ह जागचा हलतच नाही. त्याच्या तोंडाशी एक बारीक पिन असते. ती आत दाबली की पाणी बंद होतं, सोडली की स्प्रिंगने बाहेर येते आणि पाणी सुरू होतं. जुना नॉब ही पिन आतल्या मेणाच्या किंवा द्रवाच्या फुगण्याने दाबतो, नवा बॅटरीवरच्या छोट्या मोटरने दाबतो.

खरेदीआधी जुना एक नॉब काढून बघाच. जर्मनीत बहुतेक व्हॉल्व्हना ३० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात, पॅकिंगवर ‘एम ३० गुणिले १.५’ असं छापलेलं असतं. हायमायर आणि ओव्हेन्ट्रॉप या कंपन्यांचे (ओव्हेन्ट्रॉपचे फक्त नवे) व्हॉल्व्ह त्यातलेच. जुन्या ओव्हेन्ट्रॉपला ३० बाय १ चे आटे असतात. नवा नॉब त्यावर एक-दोन फेरे फिरतो आणि मग अडकतो. तिथे जोर लावला तर पितळेचे आटे जातात. हेर्त्झ आणि कोमॅपचे २८ बाय १.५ चे असतात. डॅनफॉसला आटेच नाहीत. त्याचा नॉब खटकन बसतो किंवा बाजूच्या स्क्रूने आवळला जातो. त्याचे तीन प्रकार तोंडाच्या व्यासावरून ओळखता येतात : आरए साधारण २३, आरएव्हीएल २६ आणि आरएव्ही ३४ मिलिमीटर. प्रत्येकाला वेगळा अडॅप्टर लागतो. सगळे रेडिएटर एकाच प्रकारचे असतील असं धरून पाचांची ऑर्डर देऊ नका, बाथरूमचा हमखास वेगळा निघतो.

बसवताना आधी जुना नॉब ५ वर न्या, म्हणजे पिनेवरचा दाब जातो. मग नॉबच्या बुडाची कडी डावीकडे फिरवून सोडवा. हाताने सुटत नसेल तर जाड फडकं गुंडाळून पान्याने सोडवा. नॉब निघाला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो, त्यामुळे रेडिएटर तापू लागला तर घाबरू नका. आता पिन अंगठ्याने नव्हे, लाकडी तुकड्याने दाबून बघा. ती दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन स्वतःहून बाहेर आली पाहिजे. बरीच वर्षं नॉब बंदच ठेवलेल्या खोलीत पिन हमखास चिकटलेली असते. तिच्या बुडाशी सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडा आणि दहा-वीस वेळा हळूहळू दाबा-सोडा. पकडीने बाहेर ओढू मात्र नका. काही व्हॉल्व्हची पिन सीलसकट हातात येते आणि मग पाणी खरोखरच येतं.

नव्या नॉबमध्ये बॅटरी घाला, तो ‘इन्स्टॉल’ स्थितीत आला की मोटर पूर्ण मागे गेलेली असते. त्यानंतरच तो व्हॉल्व्हवर बसवा आणि कडी हाताने आवळा. पाना नको. बटण दाबल्यावर मोटर मिनिटभर घुं-घुं करत पिनेचा पल्ला मोजते. पल्ला फार मोठा असल्याची त्रुटी आली तर नॉब अडॅप्टरवर नीट बसलेला नसतो किंवा अडॅप्टर चुकीचा असतो, फार छोटा असल्याची आली तर पिन चिकटलेली असते. पल्ला चुकीचा मोजला गेला की पडद्यावर ‘बंद’ दिसतं आणि रेडिएटर मात्र कोमटच राहतो. व्हॉल्व्हमध्ये बिघाड असल्याची जी तक्रार केली जाते ती पुष्कळदा एवढीच असते. पल्ला पुन्हा मोजायला लावा.

नॉब बदलणं पूर्ववत करता येतं, म्हणून सहसा कुणी हरकत घेत नाही. तरी घरमालकाला दोन ओळींची मेल टाका. जुन्या प्रत्येक नॉबवर खोलीचं नाव लिहून ते पिशवीत जपून ठेवा, घर सोडताना तेच परत बसवायचे असतात. रेडिएटरच्या अंगावर हीटिंगचा वापर मोजणारं जे छोटं पांढरं यंत्र असतं, त्याला हात लावू नका आणि त्यावर कपडेही वाळत घालू नका. तुमच्या इमारतीत गरम पाणी तळघरातल्या सामायिक बॉयलरकडून येतं, त्यामुळे बॉयलरला काही कळवायचा प्रश्न तुम्हाला नाही.

एक जुना समज इथेच दूर करतो. आकडा ३ म्हणजे साधारण २० अंश आणि पुढचा प्रत्येक आकडा साधारण ४ अंशांनी वर. ५ म्हणजे २८ अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नको तितकी तापते. स्मार्ट नॉबलाही हेच लागू आहे.

प्रश्न : व्हॉल्व्ह २१ दाखवतो, सोफ्यावर बसलं की थंडी वाजते. वेगळा थर्मामीटर १८ दाखवतो. खरं कोण? (आइंडहोवन)

उत्तर : दोन्ही खरं सांगतात, आपापल्या जागेचं. नॉबमधला सेन्सर गरम लोखंडापासून वीतभर अंतरावर बसलेला असतो. रेडिएटर चालू असताना तो २ ते ४ अंश जास्त दाखवतो. वर लांब पडदा आला किंवा ओला टॉवेल पडला तर फरक आणखी वाढतो. कायमचं ‘उणे ३’ असं कॅलिब्रेशन (मोजलेल्या आकड्यातली दुरुस्ती) घालून हे सुटत नाही, कारण रेडिएटर थंड झाला की तोच फरक जवळजवळ शून्य होतो आणि मग खोली गरज नसताना तापते.

उपाय म्हणजे खोलीत वेगळा तापमान-सेन्सर. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर. ऊन पडणारी जागा, टीव्हीची मागची बाजू, पुस्तकांच्या रांगेतली फट आणि बाहेरची भिंत टाळा. व्हॉल्व्ह बाहेरच्या सेन्सरचं तापमान थेट स्वीकारणारा असेल तर उत्तम, घेण्याआधी ही एक गोष्ट नक्की तपासा. तसा नसेल तर होम असिस्टंटसारख्या, घरातली उपकरणं एकत्र चालवणाऱ्या प्रणालीतून खोलीचा सेन्सर आणि नॉब यांतला फरक काढून तो कॅलिब्रेशन म्हणून पाठवता येतो. पण प्रत्येक दशांशाला पाठवू नका. फरक अर्ध्या अंशाने बदलला आणि मागचा संदेश जाऊन किमान १५ मिनिटं झाली, तरच नवा पाठवा. नाहीतर दोन महिन्यांत बॅटऱ्या बसतात आणि मोटर रात्रभर कुरकुरते.

यातला खरा धोका वेगळा आहे. खोलीतल्या सेन्सरची बॅटरी १८ वर असताना संपली, तर प्रणालीत तो आकडा तसाच गोठून राहतो आणि व्हॉल्व्ह ‘अजून थंडी आहे’ समजून तापवत बसतो. म्हणून दुसरा ट्रिगर (आपोआप कृती सुरू करणारी अट) हवाच : सेन्सरकडून दोन-तीन तास काहीच आलं नाही की कॅलिब्रेशन शून्य, व्हॉल्व्ह पुन्हा स्वतःच्या सेन्सरवर, आणि फोनवर सूचना. ही मुदत अर्ध्या तासाची ठेवू नका. तापमान स्थिर असेल तर कित्येक सेन्सर तासभर बोलतच नाहीत.

प्रश्न : खिडकी उघडली की हीटिंग बंद करणारी सोय व्हॉल्व्हमध्येच आहे, पण ती कधी चालते, कधी नाही. स्वयंपाकानंतर आम्ही रोज खिडकी उघडतो. तरीही बेडरूमच्या कोपऱ्यात बुरशी धरते. (म्युनिक)

उत्तर : व्हॉल्व्हमधली सोय खिडकी बघत नाही, तापमान झपकन खाली आलं का तेवढंच बघते. पूर्ण उघडलेली खिडकी तिला कळते, वरून कलती ठेवलेली कळत नाही. उलट दार उघडून थंड पॅसेजमधली हवा आली तरी ती फसते. चौकटीवर चुंबकाचा सेन्सर लावा. तो स्वस्त असतो आणि चुकत नाही. चुंबक आणि सेन्सर यांत बंद असताना एक सेंटिमीटरच्या आत अंतर राहील असं बघा, आणि कलती खिडकीही पकडायची असेल तर सेन्सर वरच्या कडेला लावा. खालच्या कडेला तिचं अंतर बदलतच नाही.

ऑटोमेशन असं रचा. खिडकी ३० सेकंद सलग उघडी राहिली की व्हॉल्व्ह बंद. खिडकी बंद झाल्यावर मिनिटभराने व्हॉल्व्ह पूर्ववत. तिसरा नियमही घाला : १५ मिनिटं उघडीच राहिली आणि बाहेर ५ अंशांपेक्षा कमी असेल तर फोनवर आठवण.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, ‘पूर्ववत’ म्हणजे काय हे ठरवलेलं नसतं. खिडकी उघडताना असलेलं तापमान साठवून तेच परत लावलं आणि मधल्या वेळात रात्रीचं वेळापत्रक सुरू झालं, तर रात्रभर २१ राहतात. साठवलेला आकडा नको, त्या घडीला वेळापत्रक जे सांगतं ते लावा. मधेच प्रणाली रीस्टार्ट झाली तरी मग बिघडत नाही. दुसरी चूक बर्फाच्या दिवसांत होते. व्हॉल्व्ह ‘बंद’ म्हणजे बहुतेक मॉडेलांत ५ अंश. खिडकीखालचा नॉब गार वाऱ्यात ५ च्या खाली गेला की पाणी गोठू नये म्हणून तो स्वतःच पूर्ण उघडतो आणि उघड्या खिडकीखाली रेडिएटर भडकतो. हा व्हॉल्व्हचा दोष नाही, ती सुरक्षा आहे. म्हणूनच हिवाळ्यात खिडक्या पूर्ण उघडून पाच मिनिटांत बंद करायच्या. जर्मन लोक घर असंच हवेशीर करतात, ते अगदी बरोबर आहे. कलती खिडकी दोन तास ठेवली तर हवा तेवढीच बदलते, पण चौकटीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशीला तीच हवी असते.

आता बुरशीकडे. खोली २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांच्या खाली जाताच तिथली आर्द्रता ८० टक्क्यांवर पोचते. बुरशीला एवढं पुरतं, भिंतीवर पाणी दिसायचीही गरज नसते. ९.३ अंशांना तर दवच पडतं. पैसे वाचवायला बेडरूम १४ वर ठेवून दार उघडं टाकलं, की स्वयंपाकघरातली कुकरची आणि आंघोळीची वाफ सरळ त्या गार कोपऱ्यात जाऊन बसते. तुमचं बहुधा हेच होत आहे. बेडरूम १६-१७ च्या खाली नेऊ नका, तिचं दार बंद ठेवा आणि आर्द्रता ६० टक्क्यांवर अर्धा तास राहिली की खिडकीची सूचना येईल असा ट्रिगर लावा.

‘बाहेर पाऊस आहे, खिडकी उघडून काय उपयोग?’ असं अनेकांना वाटतं. आकडे बघा : २० अंश आणि ६० टक्के असलेल्या खोलीत घनमीटरमागे साधारण १०.४ ग्रॅम बाष्प असतं. बाहेर ५ अंश आणि ९० टक्के असेल तर फक्त ६.१ ग्रॅम. पावसाळी थंड हवासुद्धा खोली वाळवते. सूचना द्यायची तर टक्क्यांची नव्हे, या ग्रॅमची तुलना करून द्या. उन्हाळ्यात तळघराच्या खिडकीला तर हाच नियम उलट लागू पडतो.

प्रश्न : तीन बेडरूमच्या घरात सगळ्या रेडिएटरना स्मार्ट व्हॉल्व्ह लावले. कॉम्बी बॉयलर (रेडिएटरचं आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) २४ किलोवॅटचा आहे, हॉलमध्ये जुना थर्मोस्टॅट आहे. बिल कमी झालं नाही आणि बॉयलर सारखा चालू-बंद होतो. बेडरूमला ऊब हवी असताना कधी कधी रेडिएटर गारच असतो. (स्लाउ)

उत्तर : तीनही तक्रारींचं मूळ एकच आहे : व्हॉल्व्ह आणि बॉयलर एकमेकांशी बोलत नाहीत. बेडरूमचा व्हॉल्व्ह उघडला तरी बॉयलर फक्त हॉलच्या थर्मोस्टॅटचं ऐकतो. हॉल तापलेला असेल तर तो पेटतच नाही. उलट हॉलच्या रेडिएटरवर तुम्ही स्मार्ट व्हॉल्व्ह लावून १८ ठेवले आणि थर्मोस्टॅट २० वर असेल, तर हॉल २० वर कधी जातच नाही आणि बॉयलर बंद व्हायचं नाव घेत नाही. थर्मोस्टॅट असलेल्या खोलीत रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा, हा जुना नियम याचसाठी आहे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतही मागणी नसताना बॉयलर थांबलाच पाहिजे अशी जोडणी अपेक्षित आहे.

खोल्यांनी मागणी करायची आणि बॉयलरने ती ऐकायची, यासाठी बॉयलरच्या थर्मोस्टॅटच्या टोकांवर रिसीव्हर किंवा रिले, म्हणजे दुरून चालू-बंद करता येणारा स्विच, लागतो. व्हॉल्व्हच्याच कंपनीचा रिसीव्हर असेल तर काम सोपं. स्वतंत्र रिले घेणार असाल तर त्याचा संपर्क कोरडा हवा, म्हणजे तो दोन तारा नुसत्या जोडणारा-तोडणारा असावा, स्वतः वीज पाठवणारा नव्हे. बॉयलरची थर्मोस्टॅटची टोकं कमी व्होल्टची असली आणि रिलेने त्यांत २३० व्होल्ट सोडले, तर बॉयलरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड त्याच क्षणी जळतं. बॉयलरच्या आतलं काम गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, इथे काटकसर नको.

रिलेची दोन बंधनं आमच्या मते अजिबात टाळता येणार नाहीत. रिलेमध्येच ‘३० मिनिटांनी आपोआप बंद’ असं लावून ठेवा आणि मागणी असेपर्यंत प्रणालीने दर १० मिनिटांनी ‘चालू’ पुन्हा पाठवावं. वाय-फाय मेलं तर बॉयलर अर्ध्या तासात थांबतो, दिवसभर धगधगत नाही. दुसरं बंधन उलट बाजूचं : जुना साधा थर्मोस्टॅट काढून टाकू नका. त्याचाही संपर्क कोरडा असेल तर तो रिलेला समांतर जोडून १४-१५ वर ठेवा. प्रणाली पूर्ण कोसळली तरी घर तेवढं ऊबदार राहतं, आणि भर जानेवारीत कुणाला फोनवरून सर्व्हर दुरुस्त करत बसावं लागत नाही.

आता चालू-बंदचा प्रश्न. २४ किलोवॅटचा कॉम्बी तितका मोठा असतो तो शॉवरच्या पाण्यासाठी, घर तापवायला त्याच्या निम्मी शक्तीही सहसा लागत नाही. समजा तो ज्योत लहान करत ६ किलोवॅटपर्यंतच खाली येऊ शकतो. एकट्या बेडरूमचा रेडिएटर १ किलोवॅट घेतो. उरलेले ५ किलोवॅट जाणार कुठे? पाणी दोन-तीन मिनिटांत ठरलेल्या तापमानापलीकडे जातं, ज्योत विझते, पाणी गार होतं, पुन्हा पेटते. प्रत्येक पेटण्यात गॅस वाया जातो आणि प्रज्वलनाचे भाग झिजतात. म्हणून एका खोलीच्या अर्ध्या अंशाच्या मागणीवर बॉयलर पेटवू नका. प्रत्येक रेडिएटरची क्षमता लिहून काढा आणि उघड्या रेडिएटरांची बेरीज २ ते अडीच किलोवॅट झाली तरच पेटवा. किंवा एखादी खोली पूर्ण एक अंशाने मागे असेल तर. खोली ठरवलेल्या तापमानाहून ०.३ अंश कमी असताना तिची मागणी सुरू आणि ०.२ अंश वर गेल्यावर बंद, बॉयलर पेटला की किमान १० मिनिटं चालू, विझला की किमान १० मिनिटं बंद. बॅटरीवरचे नॉब झोपेत असतात, आज्ञा उशिरा घेतात आणि उघडायलाही वेळ घेतात. व्हॉल्व्ह उघडल्याची पोच आल्यावर दोन मिनिटांनीच रिले चालू करा. बॉयलर विझल्यावरही पंप काही मिनिटं फिरतो, तेव्हा सगळे व्हॉल्व्ह एकदम मिटले तर पाण्याला वाटच उरत नाही आणि पाइप ठोठावतात. बाथरूमच्या टॉवेल रेडिएटरवर व्हॉल्व्ह लावूच नका, ती वाट कायम मोकळी राहू दे.

बिल मात्र व्हॉल्व्हपेक्षा एका आकड्यावर जास्त अवलंबून आहे, आणि तो बॉयलरवरच्या बटणाखाली आहे : रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान. बसवणारे लोक ते ७५-८० वर ठेवून जातात. तुमचा बॉयलर कंडेन्सिंग आहे, धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत मिळवतो. पण परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच. ७५ चं पाठवून ६५ चं परत आलं तर ती वाफ धुराड्यातून निघून जाते. पाठवणीचं तापमान ५५-६० वर आणा. याचीही किंमत आहे : ७५/६५ वर जो रेडिएटर १ किलोवॅट देतो तोच ५५/४५ वर निम्मा देतो, म्हणजे खोल्या सावकाश तापतात. म्हणून सकाळी सहाऐवजी पाचला सुरुवात करा आणि रात्री १३ पर्यंत उतरवू नका, १७ वर थांबा. कडाक्याच्या आठवड्यात खोली पोचतच नसेल तर ५ अंशांनी वाढवा. बाहेरच्या तापमानाप्रमाणे हे आपोआप करणारी सोय बॉयलरमध्ये असेल तर कुठल्याही स्मार्ट व्हॉल्व्हआधी ती सुरू करा. नळाच्या गरम पाण्याचा आकडा कॉम्बीत वेगळा असतो, त्याला हात लावू नका. आणि घरात गरम पाण्याची टाकी असलेल्या वाचकांनी पाठवणी ६५ च्या खाली नेऊ नये, टाकीत लीजिओनेला जिवाणू वाढू शकतात.

न वापरलेल्या खोलीबद्दलही पत्रात विचारलं आहे. आतल्या भिंतींना इन्सुलेशन नसतं. मधली खोली १२ वर ठेवली तर तिच्या शेजारच्या तीन खोल्या तिला फुकट तापवत बसतात. टोकाची खोली १६ वर ठेवा, मधलीचं तापमान उतरवू नका.

प्रश्न : आमच्याकडे हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) आहे. त्यावर खोलीवार स्मार्ट व्हॉल्व्ह लावावेत का? (उट्रेख्ट)

उत्तर : नको. हीट पंपाला भरपूर पाणी सतत फिरतं हवं असतं. व्हॉल्व्ह मिटत गेले की पाणी कमी पडतं, पंप लवकर बंद होतो, पाठवणीचं तापमान वाढतं आणि तुमची वीज वाढते. मोठ्या खोल्यांचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाठवणी बदलणारी जी रेषा पंपात असते, ती दर दोन-तीन दिवसांनी एकेक अंशाने खाली आणत जा. घर जेमतेम २० वर राहतं तिथे थांबा. व्हॉल्व्ह लावायचेच तर उन्हामुळे जास्त तापणाऱ्या एखाद-दुसऱ्या खोलीत, तेही हव्या त्या तापमानापेक्षा अंशभर वर ठेवून. रात्री एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतरवू नका.

प्रश्न : डिसेंबरात चार आठवडे पुण्याला जाणार आहोत. हीटिंग पूर्ण बंद ठेवली तर चालेल? फोनच्या ठिकाणावरून घर ओळखणारा ट्रिगर आहे, त्यावर विसंबता येईल? (रेडिंग)

उत्तर : पूर्ण बंद नको. १२ ते १४ अंश ठेवा. व्हॉल्व्हची ५ अंशांची सुरक्षा रेडिएटरपाशी मोजते, सिंकखालचा बाहेरच्या भिंतीलगतचा पाइप त्याहून गार असतो. घराच्या विम्याची अटही वाचा, रिकाम्या घरात किमान तापमान राखण्याची अट काहींत असते. निघण्याआधी थंड स्थितीत बॉयलरचा दाब १ ते दीड बार आहे ना हे बघा. दाब पडून बॉयलर अडला तर त्याला कुठलंही ऑटोमेशन पेटवू शकत नाही. म्हणून ‘कोणतीही खोली तासभर १० च्या खाली’ असा ट्रिगर लावा आणि त्याची सूचना तुमच्यासोबतच चावी असलेल्या शेजाऱ्यालाही जाऊ द्या. पुण्यात तुम्ही ती वाचून करणार काय?

फोनच्या ठिकाणाचा ट्रिगर रोजच्या ऑफिसला ठीक आहे, विमानप्रवासाला नाही. फोन बंद असतो, मग हीथ्रोला उतरल्यावर जागा होतो, आणि १३ वरून २० वर यायला घराला कित्येक तास लागतात. त्यापेक्षा परतीच्या तारखेचा कॅलेंडर-ट्रिगर लावा, घरी पोचण्याच्या १२ तास आधीचा. लावताना घड्याळ जपा. हिवाळ्यात भारत इंग्लंडच्या साडेपाच तास पुढे असतो. काही ॲप वेळ फोनच्या घड्याळाने दाखवतात आणि वेळापत्रक मात्र घरातल्या घड्याळाने चालतं. पुण्यातून ‘सकाळी ८’ असं बदललं तर ते कुठल्या आठचं, हे आधी खात्री करून घ्या.

प्रश्न : आई-बाबा नाशिकहून तीन महिने येणार आहेत. जमिनीखालचं हीटिंग आहे. ॲपमधून वाढवलं तरी संध्याकाळपर्यंत काही जाणवत नाही. (झुरिक)

उत्तर : आणि जाणवेल तेव्हा नको असेल. पाइपांवर कित्येक सेंटिमीटर जाडीचा सिमेंटचा थर आहे, तो तापायला आणि निवायला तास लागतात. तिथे खिडकीचे, हालचालीचे ट्रिगर निरुपयोगी आहेत. व्हॉल्व्ह उघडणारे विजेवरचे अ‍ॅक्च्युएटरच पूर्ण उघडायला तीन ते पाच मिनिटं घेतात. आई-बाबा येण्याच्या आदल्या दिवशीच त्यांच्या खोलीत २२-२३ लावा आणि दिवसरात्र तेच राहू द्या. पाठवणीचं तापमान भरमसाट वाढवू नका, राहत्या भागात फरशी २९ अंशांच्या वर जाऊ नये असा युरोपीय मानकाचा दंडक आहे. तात्पुरती ऊब हवी तर बैठकीत छोटा विजेचा हीटर ठेवा, तो धूळभरल्या पडद्यापासून मीटरभर लांब असावा.

आणि त्यांच्या हाताला येईल असं भिंतीवर एक बटण द्या. मराठीत ‘ऊब’ लिहिलेलं, दाबलं की दोन तास अंशभर वर. हातांनी केलेला बदल ऑटोमेशनने पुढच्या मिनिटाला पुसून टाकता कामा नये. ज्या घरात बाबांनी नॉब फिरवला की प्रणाली तो परत खाली आणते, तिथे बाबा दुसऱ्या दिवसापासून गप्प स्वेटर घालून बसतात आणि विचारलं तर ‘ठीक आहे’ म्हणतात.

प्रश्न : बॅटऱ्या दोन महिन्यांतच संपतात आणि वरच्या मजल्यावरचे व्हॉल्व्ह अधूनमधून गायब होतात. (डब्लिन)

उत्तर : दोन्हींचं कारण बहुधा कच्चं नेटवर्क. सिग्नल क्षीण असला की नॉब पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि बॅटरी खातो. झिग्बी या स्मार्ट उपकरणांच्या बिनतारी नेटवर्कमध्ये बॅटरीवरची उपकरणं एकमेकांचे संदेश पुढे नेत नाहीत, विजेवरची नेतात. जिन्यात आणि वरच्या पॅसेजमध्ये एकेक झिग्बी स्मार्ट प्लग लावा. झिग्बीची यूएसबी काडी कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खोचलेली असेल तर तीच मोठी अडचण आहे, त्या पोर्टचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये येतो. मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावून ती लांब ठेवा. वाय-फाय १, ६ किंवा ११ चॅनलवर असेल तर झिग्बीला १५, २० किंवा २५ चॅनल द्या. हे सुरुवातीलाच ठरवा, नंतर बदललं तर काही उपकरणं नव्याने जोडावी लागतात.

बॅटऱ्या अल्कलाइन घ्या. रिचार्जेबल १.२ व्होल्टच्या असतात, नॉबला त्या पहिल्या दिवसापासून अर्ध्या संपलेल्या वाटतात आणि मोटर पिन पूर्ण दाबू शकत नाही. पिन जड असेल तरीही बॅटरी लवकर जाते, ती पुन्हा तपासा. मे महिन्यात हीटिंग बंद झाली की सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे करून ठेवा आणि आठवड्यातून एकदा व्हॉल्व्ह स्वतःहून हलवण्याची जी सोय असते ती बंद करू नका. मग ऑक्टोबरात पिन चिकटलेली मिळत नाही.